पाण्याशी वैर, पाण्याशी सख्य

नागपूरच्या मनीषनगरात रेल्वेच्या रुळांपलीकडे ज्यांनी गेल्या काही दशकांत घरे बांधली, त्यांच्यापैकी अनेकांच्या गृहप्रवेशाआधी अंगणात बोअरचे यंत्र येऊन गेले होते, आणि खडक भेदून वर आलेले ते पाणी पेल्यात धरले असता जितके निर्मळ दिसे, तितकेच संसारात पडल्यावर हट्टी निघे. आमच्याकडे तुरीची डाळ त्या पाण्यात लवकर शिजत नसे. अंगाला लावलेल्या साबणाचा फेस होण्याऐवजी एक पांढरट, चिकट साका बादलीच्या काठाशी बसे. गिझरच्या कॉइलवर दगडी पापुद्रे धरत. आणि शेजारच्या वहिनी कुंपणापाशी उभ्या राहून "पाणी फारच जड आहे हो, भाऊजी" अशी आपली कैफियत मांडत. शाळेच्या पुस्तकात ज्याला 'दुष्फेन' म्हणजे फेसाला प्रतिकूल असे समर्पक नाव आहे, तेच हे पाणी. पुढे गच्चीवरच्या टाकीजवळ एक उभे नळकांडे बसले, आणि ते बसविणाऱ्या कारागिराने त्यात ओतलेल्या मालापैकी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, मधाच्या रंगाचे, ओलसर, बोटांतून निसटणारे ते गोल मणी पाहताना माझ्या मनात आले की ज्या रासायनिक विक्रियेचे समीकरण मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते, ती विक्रिया या प्रत्येक दाण्यात अगणित वेळा घडून स्थिरावली आहे. त्या विक्रियेचे नाव सल्फॉनीकरण.

नागपूर शहर दोन खडकांच्या शिवेवर वसलेले आहे. पश्चिमेच्या अंगाला दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी पुरातन असा नाईस, आणि वरती अनेक ठिकाणी चुनखडीचे खडे पोटात बाळगणारी काळी माती, अशा भूमीतून झिरपणारे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्याबरोबर घेऊन आले तर नवल नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा दिलेली आहे. साबणाचा रेणू कॅल्शियमाला भेटला की दोघांचे मिळून जे लवण होते ते पाण्यात विरघळत नाही, आणि हाच तो बादलीच्या काठाशी बसणारा साका. या तंट्याचा बंदोबस्त करण्याच्या दोन रीती आहेत: पाण्यातले कॅल्शियम काढून घ्यावे, अथवा कॅल्शियमाला न जुमानणारा साबण निर्माण करावा. दोन्ही रीतींच्या मुळाशी एकच विक्रिया आहे, ही गोष्ट मला आजही विस्मयकारक वाटते.

प्रथम बेंझिनाचे कडे पाहू. मायकेल फॅरडे याने १८२५ साली दिव्याच्या वायूच्या पिंपांत साचणाऱ्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळे केले, आणि पुढच्याच वर्षी, ज्यापासून डांबरगोळ्या करतात त्या नॅप्थॅलिनावर सल्फ्यूरिक अम्लाची क्रिया करून त्याने एक नवे अम्ल व त्याची बेरियम-लवणे मिळविली. ही लवणे दोन प्रकारची होती. त्यांतले एक तापविले असता ज्योतीने जळे, तर दुसरे नुसतेच धुमसे. घटक तेच असताना स्वभाव निराळा का, या प्रश्नाचा निवाडा करण्याची साधने त्या काळी कोणापाशी नव्हती. कड्याची कल्पनाच केकुलेने मांडली ती १८६५ साली. त्या दोन लवणांकडे आपण पुन्हा येणार आहोत.

बेंझिनाच्या रेणूत सहा कार्बन अणू षट्कोनात हात धरून उभे असतात, प्रत्येकापाशी एक हायड्रोजन असतो, आणि याखेरीज सहा इलेक्ट्रॉन असे असतात की त्यांच्यावर कोणाही एका कार्बनाची मालकी सांगता येत नाही. वाटणी न झालेली वडिलार्जित जमीन जशी सातबाऱ्यावर सहा भावांच्या नावे सामाईक असते आणि त्या सामाईकपणातच घराचे बळ असते, तसे हे सहा इलेक्ट्रॉन कड्याच्या वर आणि खाली पसरलेले असतात व त्या पसरण्यामुळेच बेंझीन विलक्षण स्थिर होते. ज्या अभिकारकांपुढे साधी असंतृप्त संयुगे तत्काळ शरण जातात, त्यांच्यापैकी कित्येकांना बेंझीन दाद देत नाही. मात्र इलेक्ट्रॉनांचा हा साठा उघड्यावर असल्यामुळे, इलेक्ट्रॉनांची ज्याला तीव्र उणीव आहे असा कोणी आगंतुक आला तर तो त्याच्याकडे ओढला जातोच.

असा आगंतुक म्हणजे सल्फर ट्रायऑक्साइड. गंधकाच्या एका अणूला ऑक्सिजनाच्या तीन अणूंनी वेढलेले असते, आणि ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनांचा लोभी असल्यामुळे तिन्ही बाजूंनी त्याचेच इलेक्ट्रॉन खेचले जाऊन मधला गंधक अक्षरशः नागविला जातो. हा गंधक कड्याजवळ आला की सामाईक सहा इलेक्ट्रॉनांपैकी दोन इलेक्ट्रॉन त्याच्याशी नवा बंध जोडण्याकडे वळतात. त्या क्षणी जी मध्यावस्था उत्पन्न होते, तिच्यात एका कार्बनावर जुना हायड्रोजन आणि नवा गंधक असे दोघेही बसलेले असतात आणि उरलेले चार इलेक्ट्रॉन बाकीच्या पाच कार्बनांत कसेबसे वाटले जातात. कड्यावर धनभार येतो आणि त्याचे पूर्वीचे स्थैर्य लोपते. या संकटातून सुटण्याचे दोन मार्ग असतात. एक तर आगंतुकाला निरोप द्यावा आणि सारे पूर्ववत व्हावे. नाही तर हायड्रोजनाने आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून केवळ प्रोटॉन होऊन निघून जावे, म्हणजे ते दोन इलेक्ट्रॉन पुन्हा सामाईक खात्यात जमा होऊन कडे सावरते आणि त्याच्यावर एक सल्फॉनिक गट, म्हणजे गंधक, तीन ऑक्सिजन आणि एक सहज सुटणारा हायड्रोजन, असा कायम होतो. या तिठ्यावर सल्फॉनीकरणाचे वेगळेपण आहे. नायट्रीकरणात आलेला नायट्रो गट माघारी फिरण्याची शक्यता जवळजवळ नसते आणि प्रोटॉन झटकन निघून जातो. सल्फॉनीकरणात माघारीची वाट आणि पुढची वाट या दोहोंची चढण जवळपास सारखी असते, आणि म्हणून परिस्थिती बदलली की निकालही बदलतो.

परिस्थिती बदलणारा मुख्य घटक पाणी. प्रयोगशाळेत आपण सहसा शुद्ध सल्फर ट्रायऑक्साइड वापरत नाही, कारण तो जवळजवळ पंचेचाळीस अंशांना उकळणारा, हवेतल्या ओलाव्याशी धुमसणारा पदार्थ आहे. आपण तीव्र सल्फ्यूरिक अम्ल, म्हणजे जुन्या दप्तरांतला गंधकाचा तेजाब, किंवा त्यातच ट्रायऑक्साइड मुरविलेले वाफाळ ओलियम घेतो. तीव्र अम्लात हा ट्रायऑक्साइड कोणत्या ना कोणत्या रूपात अम्लाच्याच रेणूशी जडून वावरत असतो. परंतु अम्लाने सल्फॉनीकरण केले की प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू निर्माण होतो, ते पाणी अम्लाला पातळ करते, ट्रायऑक्साइडला गिळते, आणि बेंझिनाच्या बाबतीत अम्लाचे तेज सुमारे ७८ टक्क्यांच्या खाली उतरले की भांड्यात बेंझीन आणि अम्ल दोन्ही शिल्लक असतानाही विक्रिया जवळजवळ थबकते. स्वतःच्याच अपत्याने रोखलेली ही विक्रिया पुढे न्यायची तर ते पाणी हटविले पाहिजे. म्हणून कारखान्यांत तापलेल्या अम्लातून बेंझिनाची वाफ जादा प्रमाणात सोडण्याची तजवीज केली गेली, म्हणजे उरलेली वाफ बाहेर पडताना पाणीही आपल्याबरोबर घेऊन जाते.

याउलट तयार झालेल्या सल्फॉनिक अम्लात पाणी घालून, अम्लाच्या सान्निध्यात, तप्त वाफेने ते मिश्रण शिजविले तर प्रोटॉन नेमका सल्फॉनिक गट बसलेल्या कार्बनावर येऊन बसतो, तीच मध्यावस्था पुन्हा उत्पन्न होते, आणि या खेपेस निघून जातो तो ट्रायऑक्साइड, ज्याला पाणी तत्काळ पोटात घेते. ज्या घाटाने चढून आला त्याच घाटाने उतरला, असा हा प्रवास आहे.

आता फॅरडेची दोन लवणे. नॅप्थॅलीन म्हणजे बेंझिनाची दोन कडी एका बाजूने जोडलेली. त्यात हायड्रोजनाच्या दोन प्रकारच्या जागा असतात, जोडाला लागून असलेली पहिली आणि तिच्या पलीकडची दुसरी. ऐंशी अंशांच्या आसपास सल्फॉनीकरण केले तर गट मुख्यत्वे पहिल्या जागी बसतो, कारण तेथे हल्ला झाला असता उत्पन्न होणारी मध्यावस्था अधिक सुस्थित असते आणि म्हणून तो मार्ग जलद असतो. परंतु पहिल्या जागेसमोर, शेजारच्या कड्याच्या आठव्या कार्बनावरचा हायड्रोजन खांद्याला खांदा भिडवून उभा असतो, आणि सल्फॉनिक गटासारख्या पसरट पाहुण्याला तेथे दाटी होते. तपमान एकशे साठ अंशांवर नेले की परतीची वाटही खुली होते. पहिल्या जागी बसलेले गट उठतात, पुन्हा बसतात, पुन्हा उठतात, आणि दुसऱ्या जागी जो एकदा ऐसपैस बसला तो सहसा उठत नाही. काही काळाने मिश्रणात दुसऱ्या जागेचेच अम्ल बहुसंख्य होते. लवकर पोचणे आणि टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण मला रसायनशास्त्रात क्वचितच आढळले आहे.

मला तो भेद शिकविला तो एका चुकीने. विद्यार्थिदशेत पहिल्या जागेचे अम्ल करण्याचे काम माझ्याकडे होते, आणि तापमापीचा फुगा द्रवात बुडालेला नसून काचेला टेकून राहिला आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. चंचुपात्र मला वाटले त्याहून पुष्कळ अधिक तापले होते; तयार झालेल्या अम्लाचे लवण करून त्याचा विलयबिंदू पाहिला तेव्हा तो दुसऱ्याच भावंडाचा निघाला. सर रागावले नाहीत. त्यांनी ती नोंद तशीच वहीत ठेवायला लावली आणि तिच्याखाली "का?" एवढाच प्रश्न लिहिला.

ही माघारीची मुभा रसायनशास्त्रज्ञांनी हत्यारासारखी वापरली आहे. टोल्यूईनचे, म्हणजे कड्यावर एक मिथिल गट असलेल्या बेंझिनाचे, सल्फॉनीकरण शून्य अंशाला केले तर सुमारे ४३ टक्के गट मिथिल गटाच्या शेजारच्या जागी आणि ५३ टक्के समोरच्या जागी जातात. शंभर अंशांना शेजारचा वाटा १३ टक्क्यांवर उतरतो आणि समोरचा ७९ वर चढतो. मग समोरची जागा अशा रीतीने अडवून ठेवावी, शेजारी हवा तो दुसरा गट आणून बसवावा, आणि काम झाल्यावर तप्त वाफेने सल्फॉनिक गटाला उठवून द्यावे, ही युक्ती प्रयोगशाळांतून सर्रास चालते. रंगद्रव्यांच्या उद्योगाचा तर सल्फॉनीकरण हा पायाच आहे, कारण सल्फॉनिक गट नसेल तर कित्येक रंग पाण्यात उतरतच नाहीत आणि लोकरीच्या धाग्यापर्यंत पोचत नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात के. वेंकटरमण यांनी रंगद्रव्यांच्या अभ्यासाची जी परंपरा घातली, आणि १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाने जगभर पोचविली, तीच पुढे चालविणारे बाळ दत्तात्रेय टिळक हे आमच्या विदर्भातल्या कारंजाचे. १९६६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. नागपुरात रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली संस्था अमरावती रस्त्यावर आहे, आणि तेले, साबण व प्रक्षालके यांचे तंत्र तेथे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी शिकले आहे.

प्रक्षालके म्हणजे कॅल्शियमाला न जुमानणारे साबण. दहा ते तेरा कार्बनांची एक तेलकट साखळी बेंझिनाच्या कड्याला जोडली आणि कड्याच्या दुसऱ्या टोकाला सल्फॉनिक गट बसविला की असा रेणू तयार होतो ज्याचे शेपूट मळाच्या तेलात रुतते आणि डोके पाण्याला धरून राहते. शिवाय याचे कॅल्शियम-लवण साबणाच्या लवणासारखे हट्टाने गोठून बसत नाही. गल्लीबोळांत धुण्याची पावडर करणारे छोटे उत्पादक या अम्लाला 'ॲसिड स्लरी' म्हणतात. काकवीसारखा दाट, तपकिरी असा हा द्रव सोडा ॲशमध्ये ओतून फावड्याने कालवला की फसफसत, तापत त्याची पावडर होते. पूर्वी ही स्लरी ओलियम घालून केली जाई, आणि दर खेपेस निकामी अम्लाचा मोठा साठा उरे, त्याचे काय करावे हा प्रश्नच असे. मोठ्या कारखान्यांत आता उभ्या नळ्यांच्या आतल्या भिंतीवरून तेलाचा पातळ पापुद्रा ओघळत सोडतात आणि त्याच्या अंगावरून कोरड्या हवेत मिसळलेला थोडासा सल्फर ट्रायऑक्साइड नेतात. विक्रिया काही सेकंदांत उरकते, पाणी मुळीच निर्माण होत नाही, आणि उसळणारी उष्णता नळीबाहेरचे थंड पाणी वाहून नेते. ही हवा आधी अतिशय कसोशीने कोरडी करावी लागते, कारण तिच्यात ओलावा राहिला तर सल्फ्यूरिक अम्लाचे धुके होऊन माल काळवंडतो आणि यंत्रे झिजतात. तयार अम्लाला अर्धा-पाऊण तास मुरू दिल्यानंतर मात्र त्यात मोजून शेकडा एक या मानाने पाणी घालतात, कारण दोन-दोन रेणू जोडून झालेली काही आडवळणाची संयुगे त्या पाण्यानेच मोडतात. इतका वेळ उंबऱ्याबाहेर रोखून धरलेल्या पाण्याला येथे प्रथमच सन्मानाने आत बोलावले जाते.

गच्चीवरच्या मण्यांची गोष्ट याहून मनोहर आहे. प्रत्येक मणी म्हणजे पॉलिस्टायरीन. त्यात लांबलांब साखळ्यांना ठिकठिकाणी बेंझिनाची कडी लोंबत असतात, आणि साखळ्या विरघळून जाऊ नयेत म्हणून डायव्हिनिल बेंझिनाचे टाके घालून त्यांचे जाळे विणलेले असते. गेटानो डॅलेलियो याने गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात ही कल्पना सिद्ध केली. हे मणी एका विद्रावकात फुगवून तापलेल्या तीव्र सल्फ्यूरिक अम्लात ठेवले की अम्ल आतपर्यंत शिरते आणि जवळजवळ प्रत्येक कड्यावर एकेक सल्फॉनिक गट बसतो. पुढचे काम धीराचे आहे: मणी एकदम पाण्यात टाकले तर आतल्या अम्लाला पाणी भेटून अशी उष्णता उसळते की ते तडकतात, म्हणून त्यांना आधी जरा सौम्य, मग आणखी सौम्य अशा अम्लांतून उतरवीत शेवटी पाण्यापर्यंत आणावे लागते. एकदा पाण्याची ओळख झाली की मग मात्र ते पाणी शोषून टंच राहतात. ज्या गटाच्या जन्माला पाण्याने इतका विरोध केला, त्याचे उरलेले सारे आयुष्य पाण्यातच आणि पाण्यासाठीच जाते; आणि सामान्य तपमानाला त्या पाण्यात एवढी शक्ती नसते की त्याला कड्यावरून उठवावे.

नळकांड्यात घालण्यापूर्वी या गटांपाशी हायड्रोजनाच्या जागी सोडियम ठेवलेला असतो. जड पाणी मण्यांमधून उतरताना, दुहेरी धनभार असलेला कॅल्शियम दोन सल्फॉनिक गटांना घट्ट धरतो आणि त्यांच्यापाशी तैनात असलेले दोन सोडियम सुटून पाण्यात जातात. एक लिटर मणी व्यवहारात सुमारे पन्नास ग्रॅम काठिण्य धरतात असे मानले, तर लिटरला ५०० मिलिग्रॅम काठिण्याचे शंभर लिटर पाणी त्यांनी मृदू करावे, आणि पंचवीस लिटरांच्या नळकांड्याने अडीच हजार लिटर. मग मिठाच्या दाट पाण्याचा लोंढा सोडला की संख्याबळाने सोडियम पुन्हा जागा घेतो आणि कॅल्शियम वाहून जातो. या जमाखर्चाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: ५०० मिलिग्रॅम काठिण्य काढताना लिटरमागे २३० मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतो, म्हणून ज्यांना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य आहे त्यांच्या पिण्याचा नळ या नळकांड्याच्या आधीच वेगळा काढावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

मण्यांच्याही आधी हे काम दगडांनी आणि कोळशाने केले. आयनांची अदलाबदल करणारी झिओलाइट खनिजे दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत विपुल सापडतात; ज्या खडकाच्या मुलखात पाणी जड होते, त्याच खडकाच्या पोटात त्यावरचा उतारा दडलेला आहे. पुढे १९३० नंतरच्या दशकात दगडी कोळशावर तीव्र अम्लाची क्रिया करून सल्फॉनित कोळसा तयार होऊ लागला, कारण कोळसा म्हणजे बेंझिनासारख्याच असंख्य कड्यांचा एकमेकांत गुंतलेला डोंगर आहे. मनीषनगरच्या रुळांवरून कोळशाच्या वाघिणी खडखडत जातात तेव्हा मला हटकून या गोष्टीचे स्मरण होते, कारण तिचा सर्वांत महत्त्वाचा अध्याय येथून काही किलोमीटरांवर लिहिला गेला.

१९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून 'नीरी' या नावाने परिचित असलेल्या संस्थेत, १९६८ साली 'डिफ्लुओरॉन-२' नावाचा एक सल्फॉनित कोळसा विकसित करण्यात आला. यवतमाळ-चंद्रपुराकडच्या कित्येक गावांच्या विहिरींत काठिण्याहून घातक असे फ्लोराइड असते. लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांचे दात डागाळतात, आणि प्रमाण फार झाले तर हाडे ताठरून माणूस वाकतो. फ्लोराइड ऋणभारित असल्यामुळे सल्फॉनिक गट त्याला स्वतः धरू शकत नाही. म्हणून कोळशाला आधी फिटकरीच्या द्रावणात न्हाऊ घालून त्याच्या सल्फॉनिक गटांपाशी ॲल्युमिनियम बसविला, आणि ॲल्युमिनियमाला फ्लोराइडची जी स्वाभाविक ओढ आहे तिने काम साधले. थकलेला कोळसा पुन्हा फिटकरीनेच ताजा होई. रसायनशास्त्र म्हणून यात मला काहीही उणे दिसत नाही. परंतु कोळसा केव्हा थकला हे ओळखणे, त्याला ठरल्या प्रमाणात द्रावण देणे, धुणे आणि यंत्रणेची निगा राखणे यासाठी जो शिकलेला माणूस रोज हाताशी लागतो तो खेड्यात मिळणे दुरापास्त होते. त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे मोकळेपणाने मान्य केले आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत नलगोंडा पद्धत पुढे आणली. तिच्यात फिटकरी, चुना आणि ब्लीचिंग पावडर एवढेच लागते. घरची बाई बादलीत ते ढवळते, गाळ खाली बसू देते, आणि वरचे पाणी निवळून घेते.